पांढरे हेडर, तपकिरी डाग: १९३२ च्या फोर्ड रोडस्टरचं एक प्रकरण

## पार्श्वभूमी

गाडी अमेरिकेच्या मिडवेस्टमधली. १९३२ च्या फोर्ड रोडस्टरच्या धाटणीची हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीत ताकदवान इंजिन बसवून हौसेने बांधलेली गाडी, त्यात शेवरलेचं ३५० घनइंची (५.७ लिटर) स्मॉल ब्लॉक व्ही-८ आणि वर एकच कार्ब्युरेटर. मालक निवृत्त मशिनिस्ट, हाताने काम करणारे आणि चोख माणूस. इंजिन त्यांच्या एका जुन्या मित्राने जोडलं होतं. ट्यूनिंगच्या निमित्ताने मी या कामात आलो. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत, कामाचे तपशील मात्र आहेत तसेच ठेवले आहेत.

या गाडीला बॉनेटच्या बाजूचे पत्रे नाहीत. इंजिन दोन्ही बाजूंनी उघडं, त्यामुळे हेडर, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या, हाच गाडीचा दर्शनी भाग. नेहमीच्या गाडीत हेडर कुठेतरी खाली दडलेले असतात, त्यांचा रंग उडाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. इथे प्रदर्शनात माणूस आधी ग्रिल बघतो आणि मग थेट हेडरच. यांचे हेडर ‘लेक्स’ पद्धतीचे होते, म्हणजे चार नळ्या एका निमुळत्या शंकूत येऊन मिळतात आणि शंकूच्या तोंडाला बोल्टने बसवलेलं झाकण असतं. कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांवर शर्यती व्हायच्या, तिथून हे नाव आणि ही घडण आली. त्या शर्यतींना शिस्त लावणारी एससीटीए ही संघटना १९३७ मध्ये स्थापन झाली. मालकांना हेडर पांढरेच हवे होते, १९६० च्या दशकातल्या ड्रॅग गाड्यांना असायचे तसे. ही हौस त्यांनी बरेच दिवस धरून ठेवली, आणि माझ्या मते त्या हौसेनेच इंजिन वाचवलं.

नळ्या साध्या पोलादाच्या, १६ गेजच्या, म्हणजे सुमारे ०.०६५ इंच जाडीच्या. बनवणाऱ्याकडून आल्या तेव्हा त्यांच्यावर काळ्या रंगाचा पातळ हात होता. तो फक्त वाहतुकीत गंज लागू नये म्हणून असतो. उष्णता सोसण्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

## अडचण पहिली: एकाच दिवशी दोन कामं

मालकांनी तो काळा रंग सँडपेपरने खरवडला आणि त्यावरच उष्णतारोधक पांढऱ्या रंगाचे हात मारले. हेडर बसवले आणि नवं इंजिन पहिल्यांदा चालू केलं. संध्याकाळपर्यंत रंगाचे पोपडे निघून जमिनीवर पडले होते.

खालचा काळा रंग जळला, त्याने वरचा पांढराही सोबत नेला, हे तर उघड होतं. पण त्याखाली दुसरी गोष्ट होती आणि ती अनेक जणांच्या नजरेतून सुटते.

उष्णतारोधक स्प्रे रंगात बहुतेक वेळा सिलिकोन रेझिन असतं. फवारल्यावर तो वाळतो, पण पक्का होत नाही. त्याला टप्प्याटप्प्याने तापवावं लागतं. व्हीएचटी या कंपनीच्या फ्लेमप्रूफ रंगासाठी ओव्हनमधली पद्धत अशी: २५० अंश फॅरनहाइटला (१२१ सेल्सिअस) अर्धा तास, अर्धा तास थंड, मग ४०० ला (२०४) अर्धा तास, पुन्हा थंड, मग ६०० ला (३१६) अर्धा तास. गाडीवरच करायचं तर इंजिन १० मिनिटं आयडलवर (गाडी उभी, इंजिन सगळ्यात मंद वेगात), २० मिनिटं थंड, २० मिनिटं आयडल, पुन्हा २० मिनिटं थंड, आणि शेवटी ३० मिनिटं चालवायचं. रेझिनमधला सेंद्रिय भाग हळूहळू निघून जातो आणि उरलेलं सिलिकाचं जाळं धातूला धरून बसतं. एकदम तापवलं तर आतला वायू बाहेर पडायला वाट शोधतो आणि रंगाला फोड येतात.

आता इंजिनची गरज बघा. या इंजिनात फ्लॅट टॅपेट कॅम होता, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे उंचवटे (लोब) सपाट तळाच्या टॅपेटवर घासत फिरतात असा. नवा फ्लॅट टॅपेट कॅम आयडलवर चालवायचा नसतो. चालू झाल्याबरोबर वेग २,००० ते २,५०० आरपीएमवर न्यायचा आणि २०-३० मिनिटं त्याच आसपास ठेवायचा. तेव्हाच कॅमचे लोब आणि टॅपेटचे तळ एकमेकांवर नीट बसतात. आयडलवर क्रँकने (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याने) उडवलेलं तेल तिथवर पुरेसं पोचत नाही आणि लोब खाल्ला जातो.

म्हणजे रंगाला हवं मंद आणि थांबत थांबत, कॅमला हवं जोरात आणि सलग. दोन्ही एकाच दिवशी, एकाच इंजिनवर जमणारच नाही. त्यात पहिल्या दिवशी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि कार्ब्युरेटर अंदाजानेच लावलेले असतात, त्यामुळे हेडर लालसर तापणं ही नेहमीची गोष्ट. हेडरला कोटिंग करून देणारे लोकही नवं इंजिन कोटिंग केलेले हेडर लावून पहिल्यांदा चालवू नका असं सांगतात. त्यामागचं कारण हेच.

## दुसरा प्रयत्न

कॅम बसला होता, त्यामुळे या खेपेला रंगाला त्याच्या गतीने तापवणं शक्य होतं. हेडर काढून ब्लास्ट केले, म्हणजे दाबाच्या हवेने अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण मारून साफ केले. साधी वाळू वापरली नाही, कारण तिच्या बारीक धुळीने फुप्फुसांना सिलिकोसिस होतो. नळ्या सगळीकडून सारख्या राखाडी, खरखरीत झाल्या.

नंतरची तयारी मालकांनी फार मन लावून केली. ब्लास्ट केलेलं उघडं पोलाद दमट हवेत काही तासांत गंज धरायला लागतं, म्हणून रंग त्याच दिवशी मारायचा ठरला. फ्लँजच्या, म्हणजे नळ्या इंजिनला जोडणाऱ्या पट्टीच्या, भोकांत तार ओवून हेडर टांगले, हातात नायट्राइलचे मोजे घातले, अॅसिटोनने पुसून कापड काळं येईनासं होईपर्यंत कापडं बदलली. ब्रेक क्लीनर जवळच होता, पण त्याला हात लावला नाही. त्याच्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रावक असतं आणि ते तापलं की फॉसजीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. ज्या वस्तूला पुढे तापवायचंच आहे तिच्या जवळपासही ते नको. नेहमीचा प्रायमरही लावला नाही, तो या तापमानाला टिकतच नाही. पातळ हात मारले, नळ्यांच्या मागच्या बाजूला आणि दोन नळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत वेगळ्या कोनातून फवारलं. मग हेडर गाडीवर चढवून सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवले.

काम देखणं झालं. पण उन्हाळा संपायच्या आत आठही नळ्यांचे फ्लँजजवळचे काही इंच पिवळसर तपकिरी पडले आणि सात नंबरच्या नळीवर रंग भाजून पापुद्र्यासारखा सुटू लागला.

## पर्याय

मालकांचं मत झालं की रंगात दम नाही. त्यांच्या मनात सिरॅमिक कोटिंग होतं आणि एका कोटिंगवाल्याकडे त्यांनी नंबरही लावला होता. शरद ऋतूत एक मोठं प्रदर्शन होतं, त्याआधी काम व्हावं ही घाई. त्या आठवड्यात आम्ही टेबलावर मांडलेले पर्याय असे होते.

पुन्हा तोच रंग. खर्च एका-दोन स्प्रे कॅनचा, पण कारण कळल्याशिवाय पुन्हा तेच होणार.

सिरॅमिक कोटिंग. खर्च काही शे डॉलर. अॅल्युमिनियमयुक्त, चकाकणाऱ्या रुपेरी प्रकाराची मर्यादा साधारण १,३०० अंश फॅरनहाइटच्या (७०४ सेल्सिअस) आसपास असते, मॅट प्रकार त्याहून जास्त सोसतात. मोठा फायदा म्हणजे ते नळीच्या आतूनही देता येतं. हॉट रॉड थोडं अंतर चालते आणि महिनोन्महिने गॅरेजमध्ये उभी राहते. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, छोट्या फेरीत ते पूर्ण उडून जात नाही आणि नळी आतून गंजते. बाहेरचा कुठलाच रंग त्यावर उपाय नाही.

हीट रॅप, म्हणजे काचतंतूची पट्टी गुंडाळणं. उष्णता आत राहते हे खरं, पण पट्टी ओल धरते आणि साध्या पोलादाची नळी तिच्याखाली न दिसता खात जाते. बरेच हेडर बनवणारे रॅप केल्यावर हमी देत नाहीत. शिवाय उघड्या इंजिनवर ते बँडेजसारखं दिसलं असतं. हा पर्याय लगेच बाद झाला.

पोर्सेलिन एनॅमल. जुन्या जॅग्वारच्या बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (हेडरच्याच जागी असणाऱ्या ओतीव भागावर) ते सुंदर दिसतं आणि टिकतंही. पण बीड जाड आणि ताठ असतं. पातळ नळी तापून वाढते, थरथरते, आणि काचेसारखा थर तडकतो. भट्टीत भाजताना फ्लँज वाकण्याची भीती वेगळी.

क्रोम. एका फेरीत पिवळं, मग निळं. आणि स्टेनलेसचे नवे हेडर. त्यांचाही रंग बदलतो, पण गंजाचा प्रश्न मिटतो. पैसे मात्र सगळ्यात जास्त.

## निर्णयाची पहिली जागा: आधी डाग वाचायचे

माझं म्हणणं एवढंच होतं की कुठलंही कोटिंग करण्याआधी पांढऱ्या रंगावर उमटलेलं नीट बघू. पांढरा रंग भाजतो तेव्हा कुठे, किती आणि कुठपर्यंत हे सगळं दिसतं. काळ्या रंगावर यातलं काहीच कळलं नसतं. इथे दोन वेगळ्या खुणा होत्या. आठही नळ्या सारख्या तपकिरी होत्या, याचा अर्थ सगळ्या इंजिनला लागू असलेलं काहीतरी बिघडलं होतं. एक नळी इतरांहून वाईट होती, याचा अर्थ त्या एका सिलिंडरला वेगळं काही झालं होतं.

इंजिन जोडणाऱ्या मित्राला हे पटेना. टायमिंग लाइट लावून त्याने दाखवलं, एकूण अॅडव्हान्स ३४ अंश, म्हणजे पिस्टन सर्वांत वर येण्याच्या ३४ अंश आधी ठिणगी. या इंजिनाला ३४ ते ३६ अंश योग्यच. म्हणून टायमिंगचा विषय तिथेच संपतो, असं त्याचं म्हणणं.

पण एक गोष्ट मला खटकत होती. रहदारीत गाडी गरम व्हायची. सगळ्यांनी त्याचं खापर रेडिएटरवर फोडलं होतं, कारण ’३२ च्या ग्रिलमागे जागा अरुंद असते आणि तिथे व्ही-८ थंड ठेवणं अवघड, हे या छंदातला प्रत्येक माणूस जाणतो. ठिणगी उशिरा पडली तरी हेच होतं. जळणं उशिरा सुरू होतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत वायूला पसरून काम करायला पुरेसा वेळ मिळत नाही, आणि जी शक्ती पिस्टनला मिळायची ती उष्णता होऊन व्हॉल्व्ह, पाणी आणि हेडरकडे जाते. गरम पाणी आणि भाजलेले हेडर, दोन्हींचं मूळ एकच असू शकत होतं.

टायमिंग लाइट क्रँकच्या पुढच्या बॅलन्सरवरची खूण वाचतो. म्हणून ती खूणच खरी आहे का, हे तपासायचं ठरलं. पद्धत सोपी आहे. सगळे स्पार्क प्लग काढले, एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर जाताना अडवणारा दांडा) बसवला, क्रँक पान्याने हळूच फिरवून पिस्टन स्टॉपला टेकवला आणि बॅलन्सरवर पेन्सिलीने रेघ मारली. मग उलट दिशेने फिरवून दुसऱ्यांदा टेकवला, दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरा टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टनची सर्वांत वरची जागा. हे काम हातानेच करायचं, स्टार्टरला चुकूनही हात लावायचा नाही, नाहीतर पिस्टनला भोक पडायचं.

पेन्सिलीची मधली रेघ आणि कारखान्याची खूण यांत सुमारे आठ अंशांचं अंतर निघालं. बॅलन्सर जुन्या इंजिनवरचाच वापरलेला होता. त्याची बाहेरची कडी आतल्या भागाला रबराने जोडलेली असते. वर्षानुवर्षं तापून ते रबर सैल पडतं आणि कडी खुणेसकट सरकते. लाइट ३४ दाखवत होता तेव्हा प्रत्यक्षात ठिणगी २६ अंशांवर पडत होती. मित्राने स्वतःच त्या रेघांवर स्केल ठेवून दोनदा मोजलं आणि नव्या बॅलन्सरची मागणी नोंदवली.

सात नंबरच्या नळीसाठी स्मोक मशीन लावलं, म्हणजे आत धूर सोडून गळती शोधणारं यंत्र. डाव्या बाजूच्या शेवटच्या सिलिंडरपाशी, सिलिंडरकडे हवा-इंधन नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटखालून धुराची बारीक रेघ वर येताना दिसली. तिथून जादा हवा आत शिरत होती आणि त्या सिलिंडरचं मिश्रण लीन होत होतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. अशी गळती आयडलवर आणि मंद वेगात सगळ्यात जास्त जाणवते, कारण तेव्हा मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जास्त असतो. आणि हॉट रॉडचं आयुष्य नेमकं तिथेच जातं, प्रदर्शनाच्या मैदानावर आणि मिरवणुकीच्या रांगेत.

## निर्णयाची दुसरी जागा: प्रदर्शन की क्रम

आता कोटिंगवाल्याची तारीख तोंडावर आली होती. इंजिन दुरुस्त करून लगेच हेडर पाठवले असते तर प्रदर्शनापर्यंत रुपेरी होऊन परत आले असते. मी विरोध केला. दुरुस्ती खरंच लागू पडली की नाही, याचा पुरावा हातात नव्हता. सिरॅमिक जास्त उष्णता सोसतं, त्यामुळे चूक राहिली असती तरी ती पुढे अनेक महिने दिसली नसती. तेवढ्यात व्हॉल्व्ह जळाले असते.

मालकांनी एक रात्र विचार केला आणि तारीख रद्द केली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा हाच निर्णय वाटतो, कारण त्यात त्यांना प्रदर्शनातल्या देखणेपणावर पाणी सोडावं लागलं. ठरलं असं: पुन्हा ब्लास्ट, पुन्हा स्वस्त पांढरा रंग, आणि त्या रंगाला एक हंगाम नुसतं साक्षीदार म्हणून वापरायचं. सिरॅमिक हिवाळ्यात.

नवा बॅलन्सर, नवं इनटेक गॅस्केट, एकूण अॅडव्हान्स खऱ्या ३४ वर. आयडलचा व्हॅक्यूम वाढला, थ्रॉटलचा स्क्रू मागे घ्यावा लागला, आणि रहदारीत पाण्याचा काटा खाली राहू लागला. रेडिएटरला कुणी हातही लावला नव्हता. पांढरा रंग फ्लँजजवळ किंचित मलईसारखा झाला आणि तसाच राहिला. सात नंबरची नळी बाकीच्यांसारखीच दिसू लागली.

## हिवाळ्यातलं काम आणि निकाल

पाठवण्याआधी वेल्डिंगची सगळी कामं उरकून घेतली. मिश्रण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरसाठी बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) वेल्ड केला, वेल्डचे मणी घासले, फ्लँज सपाट आहेत का ते सरळपट्टीने पाहिलं. कोटिंगनंतर वेल्ड केलं की तेवढा भाग जळतो, म्हणून हा क्रम सोडायचा नसतो.

कोटिंगवाल्याने नळ्या बघून स्पष्ट सांगितलं: बाहेरून पूर्ण हमी, आतून नाही. एवढ्या वापरात आत कार्बन आणि लोखंडाची खपली धरली होती, आणि वळणांच्या पोटात ब्लास्टचा झोत पोचत नाही. जिथे उघडा धातू मिळत नाही तिथे थर धरत नाही. आतलं कोटिंग दिलं गेलं, पण ते किती टिकेल याचा भरवसा त्याने दिला नाही. मालकांनी सॅटिन रुपेरी रंग निवडला. पांढरं सिरॅमिकही मिळत होतं, पण मॅट पांढऱ्यावर तेलाचे हात उमटतात आणि निघत नाहीत.

हेडर परत आल्यावर नळ्या दाबाच्या हवेने आणि पाण्याने पुन्हा पुन्हा साफ केल्या. आत ब्लास्टचे कण राहिले तर व्हॉल्व्ह ओव्हरलॅपच्या वेळी, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना, ते सिलिंडरमध्ये ओढले जाऊ शकतात. पहिल्यांदा चालू करण्याआधी बोटांचे ठसे अल्कोहोलने पुसले, नाहीतर ते भाजून कायमचे बसतात. इंजिन तापून पूर्ण थंड झाल्यावर फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळले.

इथे आणखी एक फसगत होता होता राहिली. मित्राने इन्फ्रारेड थर्मामीटर लावला आणि तापमान आधीच्या पांढऱ्या रंगापेक्षा खूपच कमी दिसलं. सगळे खूष. पण चकचकीत धातूसारखा पृष्ठभाग स्वतः कमी प्रारण सोडतो, त्यामुळे ते यंत्र त्याला प्रत्यक्षापेक्षा थंड दाखवतं. क्लॅम्पने थर्मोकपल (नळीला टेकून तापमान मोजणारी तार) बांधून मोजल्यावर फरक होता, पण त्या आकड्याएवढा मुळीच नाही. रुपेरी हेडरवर इन्फ्रारेडचा आकडा फक्त एका नळीची दुसरीशी तुलना करायला वापरावा. त्या तुलनेत सात नंबर इतरांच्या बरोबरीने होता.

पुढच्या हंगामाअखेर कोटिंग शाबूत आहे. सात नंबरच्या वेल्डपाशी नखाएवढा निस्तेज ठिपका आहे, तो वाढलेला नाही.

## काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठं नुकसान आतल्या कोटिंगचं झालं, आणि ते पहिल्याच दिवशी ठरून गेलं होतं. स्मॉल ब्लॉकचे बिडाचे जुने एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, विशेषतः ज्यांना रॅम्स हॉर्न म्हणतात ते, सहज आणि स्वस्तात मिळतात. कॅम बसवणं, टायमिंग, कार्ब्युरेटर हे सगळं त्यांच्यावर करून घेतलं असतं तर नवे कोरे हेडर आतबाहेर स्वच्छ अवस्थेत कोटिंगला गेले असते आणि दोन्ही बाजूंची हमी मिळाली असती. ब्लास्टिंगचे फेरेही वाचले असते. कुणी नवी गाडी बांधत असेल तर त्याला मी हेच सुचवेन, मग हेडरला शेवटी रंग द्यायचा असो की सिरॅमिक.

मालक प्रदर्शनाच्या तारखेपुढे झुकले असते आणि हेडर थेट सिरॅमिकला गेले असते तर काय झालं असतं, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. मित्राच्या मते गाडी गरम होते म्हणून कधीतरी टायमिंगपर्यंत पोचलो असतोच. मला तसं वाटत नाही. आधी मोठा रेडिएटर बसला असता, मग जादा पंखा, आणि काटा थोडा खाली आल्यावर शोध तिथेच थांबला असता.

आणि बॅलन्सर. जुना वापरायचाच होता तर इंजिन जोडताना, हेड बसवण्याआधी, एक नंबरच्या पिस्टनवर डायल इंडिकेटर ठेवून खूण पडताळता आली असती. त्या वेळी पिस्टन डोळ्यांसमोर असतो आणि काम काही मिनिटांचं आहे. मित्राने त्याच्या पुढच्या इंजिनावर ते केलं, आणि बॅलन्सरच्या कडीवर आणि आतल्या भागावर मिळून एक सरळ रेघही ओढून ठेवली, म्हणजे कडी पुन्हा सरकली तर रेघ तुटलेली दिसेल.